पेटीवाल्या आजोबांना गच्चीवर उतरवू नये

शेवटी मासे जिंकले. दवाखान्यातला कोपरा त्यांना मिळाला, निळा दिवा मिळाला, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा शिंपला मिळाला, आणि जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. एकदा सांगून टाकलं, म्हणजे पुढे कुणी उगाच आशेवर राहायला नको. आता हे तुम्ही ऐकलेलंच नाही. मासे अजून दुकानात आहेत, कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे आणि लिफ्ट चौदाव्या मजल्यावर उभी आहे.

लिफ्ट म्हणजे कॉम्प्युटरमधली. दवाखाना तळमजल्यावर होता. तिथे खरी लिफ्ट बसवायची तर जमीन खणून खालीच जावं लागलं असतं.

दवाखाना दातांचा. बाहेर रेक्झिनचं लांब बाकडं, लवंगतेलाचा वास, आणि आतल्या खोलीतून येणारा तो आवाज, जो ऐकला की दुखणारा दात आपोआप शहाण्यासारखा वागायला लागतो. बाकड्यासमोर काउंटर, काउंटरमागे मावशी. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण सगळ्या गावाला दटावायचा हक्क तिने कधीच मिळवला होता. नंबरासाठी ती पितळी बिल्ले द्यायची, आणि बिल्ला परत देताना जो हसेल त्याला “आता हसताय, मघाशी भिंत धरून आला होतात,” असं सुनवायची.

हा दवाखाना मोठ्या डॉक्टरांनी काढला. “दात कोरून पोट भरत नाही,” असं लोक म्हणतात, पण त्यांच्या घरात गेली कित्येक वर्षं दात कोरूनच पोट भरत होतं, आणि ही म्हण कुणी त्यांच्यासमोर काढली की ते आपल्या दोन्ही मुलांकडे पुरावा म्हणून बोट दाखवायचे. थोरला दादा दुकानांची आणि ऑफिसांची आतली सजावट करतो. धाकटी दातांचीच डॉक्टर झाली. पेशंट तिला छोट्या डॉक्टर म्हणतात. ती बापापेक्षा हातभर उंच आहे, पण ते असो.

कॉम्प्युटर आला तो पेशंटच्या तारखा ठेवायला. विकणाऱ्याने त्याबरोबर खेळाची एक सीडी फुकट दिली. दिली म्हणण्यापेक्षा गळ्यात मारली. त्या वर्षी बाकीच्या खेळांच्या खोक्यांवर तलवारी, मोटारी आणि आगीचे लोळ असायचे. या खोक्यावर एक बंद दार होतं. खेळाचं नाव ‘लिफ्टमन’. कुठल्याशा मासिकाने त्याच्यावर दोनच ओळी खर्च केल्या होत्या: “यात शत्रू नाही, शर्यत नाही, स्फोट नाही. मग आहे काय, ते समजले नाही.” एवढ्यावर तो खेळ संपला. म्हणजे जगासाठी संपला. दवाखान्यात सुरू झाला.

पडद्यावर उभी कापलेली एक उंच इमारत. मजल्यामजल्यावर छोटी माणसं लिफ्टची वाट बघत उभी. कुणाला कुठे जायचंय ते त्याच्या डोक्यावरच्या ढगात दिसायचं. भाषा नाही, नुसती चित्रं. तुम्ही लिफ्टमन. वर, खाली, दार उघडा, दार लावा, संपलं. पहिल्यांदा बसणारा म्हणायचा, “हा खेळ आहे की नोकरी?” मग दुसऱ्यांदा बसायचा, तेव्हा त्याच्या लक्षात यायचं की लिफ्टमधली माणसं एकमेकांकडे बघतात. भांडून तोंड फिरवून उभे राहिलेले दोन शेजारी असतील आणि लिफ्ट सावकाश नेली, तर बाराव्यापर्यंत एक जण खोकायचा आणि विसाव्यापर्यंत दुसरा त्याला गोळी द्यायचा. जोरात नेली तर दोघं आपापल्या मजल्यावर उतरून दार आपटायचे. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते लोकांना दातदुखीनेच शिकवलं. कारण दात दुखत असला की माणूस घाई करत नाही, त्याला पुढे कुठल्या खुर्चीत जायचंय हे ठाऊक असतं.

आणि इथेच त्या दवाखान्याची रीत पडली. बिल्ल्याचा नंबर पुकारला की खेळणाऱ्याला उठावं लागायचं. खेळ अर्धा राहायचा. मग तो शेजारच्याला खेळ सोपवायचा, ड्यूटी बदलताना वॉचमन सोपवतात तसा. “नवव्यावरची बाई कुत्र्याला घाबरते, तिला कुत्र्याबरोबर घेऊ नका. आणि तो पोरगा परीक्षेत नापास झालाय, त्याला जरा फिरवून मग घरी सोडा.” एवढं सांगून माणूस आत जायचा आणि आ करायचा. असा एकच डाव, एकापासून दुसऱ्याकडे, वर्षानुवर्षं चालला होता. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशी माणसं त्या इमारतीतल्या भाडेकरूंची खुशाली विचारायची. एका बाईंनी तर सगळे दात पडल्यावरही तपासणीच्या तारखा घेणं सोडलं नव्हतं. “हिरड्या बघा,” म्हणायच्या.

सोपवताना एक वाक्य मात्र हमखास असायचं: “पेटीवाल्या आजोबांना गच्चीवर उतरवू नका.”

हे आजोबा कधीतरी तळमजल्यावर लिफ्टमध्ये चढले. हातात चपटी पेटी, डोक्यावरच्या ढगात गच्ची. पूर्वी एकदा एका कारकुनाने त्यांना गच्चीपर्यंत नेलं, दार उघडणार तेवढ्यात नंबर पुकारला, आणि आत गेल्यावर त्याच्या दोन अक्कलदाढा निघाल्या. झालं. आजोबा गच्चीवर उतरले की खेळणाऱ्याची दाढ जाते, हे ठरून गेलं. शिकली-सवरली माणसं, पण अक्कलदाढेसमोर अक्कल चालत नाही. तेव्हापासून आजोबा लिफ्टमध्येच. सगळी इमारत ये-जा करायची आणि ते कोपऱ्यात पेटी धरून उभे.

मग एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं. पेशंट आ करून बसलेला. त्यांनी हात धुतले, पुसले, डोळ्यांसमोर धरून पाहिले. हात थरथरत होते. जास्त नाही, पण दाताला जास्त लागत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला ते म्हणाले, “आजपासून हात तुझे, पोरी.” आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते घरीच राहिले. तिसऱ्या दिवशीही. छोट्या डॉक्टर संध्याकाळी घरी गेल्या तर बाबा खिडकीपाशी, चहा गार, पेपर घडी न मोडलेला. विचारलं तर म्हणाले, “काही नाही, जरा आराम.” आराम हा शब्द त्या माणसाच्या तोंडी नव्हताच कधी, नवी कवळी बसवावी तसा तो तोंडात हलत होता.

मग एके दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. डॉक्टर म्हणून नाही. त्यांनी मावशीकडून बिल्ला घेतला आणि बाकड्यावर बसले. पाळी आली तसे लिफ्टमनपुढे सरकले. नंबर पुकारला तर शेजारच्याला म्हणाले, “तुम्ही जा आत, माझं काही एवढं दुखत नाही.” तेव्हापासून रोज. आणि गंमत अशी, की त्यांचं बोट थरथरायचं तशी लिफ्ट हलायची, लिफ्ट हलली की आतली माणसं एकमेकांना धरायची, आणि एकदा धरल्यावर बोलायला लागायची. इतक्या वर्षांत कुणाला न जमलेले समेट बाबांनी महिन्याभरात घडवून आणले. जुने पेशंट खांद्यावरून बघत म्हणायचे, “डॉक्टर, हात आहे बुवा तुमचा!” छोट्या डॉक्टर आतून हे ऐकायच्या आणि मुद्दाम एखादं मिनिट जास्त हात धुवायच्या.

म्हणून दादा मोजपट्टी घेऊन आला, तेव्हा त्या मास्क उतरवत लगेच बाहेर आल्या.

“छोटे, हा कोपरा मला दे,” दादा म्हणाला. तो कोपऱ्याकडे असा बघत होता, जसे बाबा कीड लागलेल्या दाढेकडे बघायचे. “इथे फिश टँक. काचेचा, इथपासून इथपर्यंत. ऑर्डर दिलीय, माझ्याकडून भेट. मासे बघितले की पेशंटचं टेन्शन उतरतं. शास्त्र आहे हे.”

“पेशंटचं टेन्शन उतरलेलंच असतं. खेळतात ना ते.”

“काय खेळतात? लिफ्ट वर, लिफ्ट खाली! अगं, याच्यापेक्षा आमच्या ऑफिसची लिफ्ट रोमांचक आहे, ती मध्येच बंद तरी पडते.”

“आणि बाबा?”

“बाबांना कॉम्प्युटर घरी नेऊन देतो. निवांत खेळतील.”

घरी निवांत म्हणजे काय, ते छोट्या डॉक्टरांनी खिडकीपाशी बघितलं होतं. घरी बाबा खेळ कुणाला सोपवणार? फ्रिजला?

“दादा, ते इथे खेळायला येत नाहीत. पाळीला येतात,” त्या म्हणाल्या. “हा कोपरा गेला तर त्यांना घराबाहेर पडायला कारण उरणार नाही. तुला टँक लावायचाच असेल तर माझ्या डोक्यावर लाव.”

“डोक्यावर मावणार नाही,” दादा मोजपट्टी गुंडाळत म्हणाला, “पण विचार करतो.”

काउंटरवरून मावशी म्हणाली, “दादासाहेब, विचार करताना डावा गाल का धरलाय?”

दादाने हात काढला. “काही नाही, सवय.”

“सुजलेली सवय आहे.”

दातांच्या डॉक्टरचा मुलगा, दातांच्या डॉक्टरचा भाऊ, आणि दाढेत एक अख्खी शेंग लपेल एवढं भगदाड. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा तर दिव्याच्या तोंडातच होता. छोट्या डॉक्टरांनी त्याला आत घेण्याऐवजी मावशीकडे पाहिलं. मावशीने त्याच्यापुढे बिल्ला ठेवला.

“मी घरचा आहे!”

“दाढ बाहेरची झालीय. बसा.”

दादा बाकड्यावर बसला. एका बाजूला बाबा. दुसऱ्या बाजूला बँडमधला ट्रंपेटवाला. त्याचा पुढचा दात हलत असल्यामुळे अख्ख्या बँडची पाचावर धारण बसली होती. खेळ ट्रंपेटवाल्याच्या हातात होता. दादा आधी छताकडे बघत होता. मग पंख्याकडे. मग नाइलाजाने पडद्याकडे.

“ती बाई परत खाली का निघाली?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“छत्री विसरली,” बाबा म्हणाले.

“रोज विसरते,” ट्रंपेटवाला म्हणाला. “सतराव्यावरच्या शिंप्याला भेटायचं असतं तिला. छत्री हे निमित्त.”

“मग शिंप्याला खाली बोलवा ना.”

“तो लाजतो.”

दादा पुढे सरकला. “असं करा, त्याला आत घ्या आणि दहाव्यावर हिला घ्या. दोघंच.”

“मध्ये ते पियानो वर नेणारे हमाल आहेत हो.”

“पियानोवाल्यांना थांबवा जरा! प्रेमापुढे पियानो!”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आपल्या थोरल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू त्याला नुकताच दुधाचा पहिला दात आलाय. खेळ मग दादाच्या हातात कधी गेला आणि परत कधी आला, कुणाला कळलं नाही. बाप-लेक असे शेजारी शेजारी बसून पूर्वी कधी काही खेळले असतील, तर ते दोघांनाही आठवत नव्हतं. बाबांना तेव्हा सदा काम, आणि दादा लहान असताना त्याला दवाखान्याच्या वासानेच मळमळायचं. तो या बाकड्यावर जन्मात बसला नव्हता.

तासाभराने दादाने फोन काढला आणि टँकवाल्याला सांगितलं, “तो टँक राहू द्या. नाही, मासे चांगलेच आहेत तुमचे. जागा नाही. आमच्या इथे इमारत आहे.” फोन ठेवून तो मावशीला म्हणाला, “बोलू नका काही.” मावशीने नुसती आतल्या दाराची चौकट ठोठावली. आतून छोट्या डॉक्टरांनी मास्कमागे जेवढं हसता येतं तेवढं हसून घेतलं.

कोपरा वाचला होता. इथेच थांबलो असतो तर मासे आजही दुकानात असते.

पण ट्रंपेटवाल्याचा नंबर पुकारला. तो उठला, रीतीप्रमाणे सोपवायला तोंड उघडलं, शेजारी दादा दिसला, आणि तोंड मिटलं. “तुम्हाला काय सांगायचं,” तो म्हणाला, “तुम्ही घरचेच.” आणि आत गेला. मागोमाग आतून हाक आली, “बाबा, जरा यांचा एक्स-रे बघता?” निवृत्तीनंतर ही पहिलीच हाक. बाबा इतक्या चटकन उठले की बिल्ला मांडीवरून घरंगळला. जाताना त्यांनीही दादाला काही सांगितलं नाही. कोण सांगतं? आपल्या घराची कडी कुठे आहे, हे कुणी घरच्या माणसाला सांगतं का?

दादा एकटा राहिला. तो मुळात नीटनेटका माणूस. एकेका भाडेकरूला सावकाश, समेट घडवत, आपापल्या मजल्यावर सोडलं. शिंपी आणि छत्रीवाली एकत्र उतरली. लिफ्टमध्ये पेटीवाले आजोबा तेवढे उरले. “हे काय, हे बिचारे केव्हाचे उभेत,” असं म्हणून दादाने त्यांना प्रेमाने, अगदी हळू, गच्चीवर नेलं आणि दार उघडलं.

आत एक्स-रे दिव्यासमोर धरून बाबा म्हणत होते, “मूळ धरून आहे, काढू नकोस, बांध.” तेवढ्यात बाहेरून सूर ऐकू आले. त्या कॉम्प्युटरने इतक्या वर्षांत ‘टिंग’ सोडून दुसरा आवाज काढला नव्हता. बाबांच्या हातातली फिल्म खाली आली. सगळे बाहेर धावले. ट्रंपेटवाला तोंडात कापूस घेऊन.

पडद्यावर गच्ची होती. ती कुणी पाहिलीच नव्हती. संध्याकाळ, पाण्याची टाकी, दोरीवर कुणाचा तरी शर्ट. आजोबा लिफ्टबाहेर आले. त्यांनी पेटी खाली ठेवली, खटके उघडले आणि पेटी उलगडली. पेटी नव्हतीच ती. घडीची खुर्ची होती. आजोबांनी खुर्ची मांडली, हाताने झटकली, आणि वळून लिफ्टकडे पाहिलं.

आणि मग लिफ्टमधून लिफ्टमन बाहेर आला. एवढ्या वर्षांत तो कधीच दिसला नव्हता, कारण तो आपणच होतो. बारकासा, टोपीवाला, जरा वाकलेला. तो खुर्चीत बसला. खाली इमारतीच्या एकेक खिडकीत दिवा लागत गेला.

“अरे,” दादा म्हणाला, “ते त्याच्यासाठी खुर्ची घेऊन निघाले होते.”

“आणि आपण त्यांना उतरू दिलं नाही,” बाबा म्हणाले.

ट्रंपेटवाल्याला कापसामुळे बोलता येत नव्हतं, त्याने डोळे पुसले. मावशीने पुढचा नंबर पुकारला नाही.

सूर थांबले. दादाने घाईघाईने सगळी बटणं दाबून पाहिली. लिफ्टमन उठला नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तो खुर्चीतच. पहिल्यापासून खेळायची सोय बनवणाऱ्यांनी ठेवलीच नव्हती. त्यांच्या मते माणूस एकदाच निवृत्त होतो. सीडी सापडली, पण ती मावशीच्या चहाच्या कपाखाली. बरीच वर्षं.

“असू दे,” बाबा म्हणाले. “बसू दे त्याला.” त्यांनी मांडीवरून पडलेला बिल्ला शोधला, काउंटरवर ठेवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

छोट्या डॉक्टरांनी इंटरनेट पालथं घातलं. नाव घ्याल त्या खेळाचे हजारो खेळाडू, चर्चा, भांडणं. ‘लिफ्टमन’बद्दल एकच नोंद. कुणीतरी कधीकाळी विचारलं होतं: “लिफ्ट चालवायचा एक खेळ होता. कुणाला आठवतो का, की मला स्वप्न पडलं होतं?” खाली उत्तर नाही. छोट्या डॉक्टरांनी लिहिलं: “आठवतो. तुम्ही आजोबांना उतरवलं होतं का?” अजून कुणी बोललेलं नाही.

इकडे बाकड्यावरचे पेशंट सवयीने कोपऱ्यात जायचे, खुर्चीतल्या माणसाकडे बघायचे, आणि त्याची झोपमोड नको म्हणून दबक्या पावलांनी परत यायचे. दवाखान्यात कुणी मोठ्याने कण्हेनासं झालं. शेवटी बाबांचाच दादाला फोन गेला: “मासे येऊ दे.”

मासे आले. एका गुरुवारी बाबाही आले. बिल्ला घेतला, टँकपुढे बसले. मासे इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. बाबांनी बराच वेळ एका माशावर नजर ठेवली.

“छान आहेत,” ते म्हणाले. “पण यांना कुठे जायचंच नाही.”

आणि नंबर पुकारायच्या आत उठून गेले.

त्याच दुपारी, दोन पेशंटच्या मध्ये, छोट्या डॉक्टरांनी सीडीवरचा चहाचा डाग खरवडून कंपनीचा पत्ता मिळवला. त्या पत्त्यावर हल्ली कपडे धुण्याचं दुकान आहे, हे त्यांनी आधीच बघून घेतलं होतं. तरी दवाखान्याच्या छापील कागदावर, शिक्क्यासह, त्यांनी पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं:

प्रति,
मा. व्यवस्थापक, बांधकाम विभाग, ‘लिफ्टमन’.

विषय: इमारतीस एक जादा मजला मंजूर करण्याबाबत.

महोदय,
आपल्या इमारतीतील लिफ्टमन सेवानिवृत्त झाले असून सध्या गच्चीवर आसनस्थ आहेत. त्यांना उठवण्यात यावे, अशी आमची मागणी नाही. तथापि गच्चीच्या वर आणखी एक मजला बांधण्यात यावा, व तेथे जाण्यासाठी लिफ्टची वाट पाहणारी किमान एक व्यक्ती कायमस्वरूपी उभी करण्यात यावी. सदर व्यक्तीस घाई नसावी. रिक्त पदासाठी आमच्याकडे एक अनुभवी उमेदवार उपलब्ध आहेत. वय जास्त आहे, परंतु रजा घेण्याची सवय नाही व सध्या ते घरी आहेत. मजला पूर्ण होईपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून गच्चीवरील खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.